‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन’: शेवट नेमका कुठला धरायचा?

पोटमाळा
जॉन फाउल्सची ही कादंबरी १९६९ सालची, पण गोष्ट १८६७च्या मार्चअखेरीस सुरू होते. (पुढे सगळे स्पॉयलर आहेत. वाचायची राहिली असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

कथानक थोडक्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लाइम रेजिस हे छोटं बंदर. चार्ल्स स्मिथसन, वय ३२, बॅरोनेट काकाच्या इस्टेटीवर डोळा असलेला, हौसेखातर जीवाश्म गोळा करणारा. त्याचं लग्न अर्नेस्टिना फ्रीमनशी ठरलंय. तिच्या वडिलांचा लंडनमध्ये कापडाचा मोठा व्यापार. आणि ‘कॉब’ या दगडी धक्क्याच्या टोकावर समुद्राकडे बघत उभी राहणारी सारा वुडरफ. आधी गव्हर्नेस होती, फ्रेंच लेफ्टनंटने नादी लावून सोडून दिलं अशी गावभर बोलवा. चार्ल्स तिच्यात गुंततो, एक्सेटरच्या हॉटेलात दोघं एकत्र येतात, तो ठरलेलं लग्न मोडतो आणि तेवढ्यात ती नाहीशी होते.

कादंबरीची प्रकरणं ६१, शेवट तीन. ४४व्या प्रकरणात चार्ल्स एक्सेटरला न थांबता सरळ अर्नेस्टिनाकडे जातो, संसार थाटतो. ६०व्यात १८६९ साली सारा लंडनमध्ये सापडते, त्याची मुलगी तिच्याजवळ असते, मनोमीलन होतं. ६१व्यात ती त्याला नकार देते आणि तो एकटा बाहेर पडतो. ‘तिन्ही शेवट सारख्याच तोलाचे, वाचकाने हवा तो निवडावा’ असं या कादंबरीबद्दल हमखास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. जाणकारांचं काय मत?

तिसरी_आवृत्ती
पहिला शेवट तर मोजायचाच नाही. ४५व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच निवेदक सांगून टाकतो की मागची पानं म्हणजे चार्ल्सने आगगाडीत बसून केलेली कल्पना. शिवाय त्या प्रकरणाची घाई बघा. उरलेलं आख्खं आयुष्य दोनतीन पानांत गुंडाळलंय आणि साराला नोकरीवर ठेवणाऱ्या दुष्ट मिसेस पोल्टनीला थेट नरकात धाडलंय. व्हिक्टोरियन कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात सगळ्या पात्रांचे हिशेब चुकते करायची जी पद्धत होती तिचीच ही टर आहे.

खरा प्रश्न ६० आणि ६१चा, आणि त्यासाठी ५५वं प्रकरण पुन्हा वाचायला हवं. चार्ल्स लंडनच्या गाडीत झोपलाय आणि समोर एक दाढीवाला माणूस येऊन बसलाय. तो खुद्द लेखक. या माणसाचं आता काय करावं, असा विचार करत तो चार्ल्सकडे टक लावून बघतो. दोन शेवट द्यायचे असं ठरतं, पण अडचण अशी की ते एकाच वेळी देता येत नाहीत; एक आधी, एक नंतर येणारच, आणि जो नंतर येईल तोच वाचकाला खरा वाटणार. म्हणून तो फ्लोरिन (दोन शिलिंगांचं नाणं) उडवतो.

म्हणजे शेवट सारख्या वजनाचे नाहीत हे लेखकाला पुरतं ठाऊक आहे आणि तो ते छापून मोकळा झालाय. कौल लावला तो फक्त क्रमासाठी.

आता ६१व्यात तोच माणूस दाढी कातरून, छानछोकी पोशाखात चित्रकार-कवी रोझेटीच्या घरासमोर (सारा तिथेच काम करते) उभा राहतो, खिशातलं घड्याळ काढतो आणि पाऊण नाही, अर्धा नाही, बरोबर पाव तास मागे फिरवतो. हातात पुस्तक असेल तर दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. छातीत खुपसलेला खंजीर वर फिरवते आहेस, अशा अर्थाचं चार्ल्सचं वाक्य ६०च्या मध्याला आहे. तेच वाक्य ६१मध्ये पुन्हा येतं आणि तिथून वाट फुटते. त्या वाक्याआधीचं सगळं दोन्ही शेवटांना समाईक आहे. बरेच वाचक ६१वं प्रकरण हा ६०चा पुढचा भाग समजून वाचतात आणि गोंधळतात, कारण घड्याळाचा परिच्छेद नजरेतून निसटतो.

नुसता_वाचक
पाव तासाचा मुद्दा भारी! आजवर मी दोन्ही प्रकरणं सलग समजत होतो.

कायदेकानू
मी वेगळ्या बाजूने येतो. ६०वा ‘सुखान्त’ आणि ६१वा ‘दुःखान्त’ हे वर्गीकरण १८६९चा इंग्लिश कायदा लावला की डळमळतं.

६०व्यात चार्ल्स आणि सारा लग्न करतील असं गृहीत धरू. तरीही त्यांची मुलगी लॅलेज औरसच ठरत नाही. आईबापांनी मागाहून लग्न केल्यास मूल औरस मानायची सोय इंग्लंडमध्ये १९२६च्या कायद्याने झाली. स्कॉटलंडमध्ये ती आधीपासून होती, इंग्लंडमध्ये नव्हती. चार्ल्सने मृत्युपत्र करून तिला पैसे ठेवले तर ते मिळतील, पण घराण्याच्या वारसाहक्कात तिला जागा नाही. याच जोडप्याला पुढे मूल झालं तर ते औरस आणि थोरली अनौरस, एकाच छपराखाली.

उलट बाजू. अनौरस मूल कायद्याने ‘कुणाचंच नाही’. १८३४च्या गरीब कायद्याने ते १६ वर्षांचं होईपर्यंत पोसायची जबाबदारी आईवर टाकली. हेतू बाईला अद्दल घडवण्याचा होता, पण परिणाम असा की मूल बापाला हिसकावता येत नाही. लग्नाच्या बाईचं याच्या बरोबर उलट: मुलांवर पहिला हक्क बापाचा. आणि सारा १८६९मध्ये स्वतः कमावते आहे. लग्न केलं असतं तर ती कमाई कायद्याने नवऱ्याची झाली असती. विवाहितेची मजुरी तिची स्वतःची मानणारा कायदा १८७०चा, आणि सगळी मालमत्ता तिची मानणारा १८८२चा. म्हणजे ६१व्या शेवटात सारा नकार देते तेव्हा तिच्या हाती पगार, मूल, पत्ता आणि नाव असं सगळं राहतं. ६०व्यात यातली प्रत्येक गोष्ट चार्ल्सच्या भलेपणावर सोपवावी लागते.

गव्हर्नेसचा पगार साधारण वर्षाला २० ते ४५ पौंड, वर जेवण आणि खोली. हे ध्यानात ठेवलं की साराला कलावंताच्या घरातली नोकरी का सोडवत नसेल ते कळतं.

सरळसोट
कायदा ठीक, पण कादंबरी वाचताना कोण १९२६चा कायदा डोक्यात ठेवतं? ६०वं वाचून वाचकाला बरं वाटतं, ६१वं वाचून पोटात खड्डा पडतो. लेखकाला तेच हवंय.

कायदेकानू
बरं वाटतं याला माझा आक्षेपच नाही. पण फाउल्सने कायदा नुसता शोभेला आणलेला नाही. ५६व्या प्रकरणात चार्ल्सकडून जो कबुलीनामा सही करून घेतात तो बघा. वचनभंग, म्हणजे ठरलेलं लग्न मोडणं, हा तेव्हा दिवाणी दाव्याचा विषय, मुलगी नुकसानभरपाई मागू शकते. आणि १८६९पर्यंत अशा दाव्यात खुद्द वादी-प्रतिवादींना साक्षच देता येत नव्हती. पत्रं, भेटवस्तू, तिऱ्हाइतांच्या जबान्या यांवर सगळं चाले. त्यामुळे फ्रीमनच्या वकिलांना कोर्टापेक्षा हा कागद जास्त उपयोगाचा. चार्ल्स मुद्देवार लिहून देतो की मुलीकडून कोणतंही कारण घडलं नाही आणि आपण सभ्य गृहस्थ म्हणवून घ्यायचा हक्क गमावला आहे. कागद फ्रीमनकडे राहतो. पैसे एकदा भरून सुटका झाली असती, या कागदातून सुटका नाही.

गंमत म्हणजे कादंबरी छापली गेली तेव्हा वचनभंगाचा दावा इंग्लंडमध्ये अजून जिवंत होता. तो रद्द करणारा कायदा १९७०चा.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. नवऱ्याने बायकोला नांदायला आणण्यासाठी दावा लावायचा, हा प्रकार इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून मुंबईत आला. रखमाबाईंवर तो दावा १८८४ साली लागला. १८८५मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असा हुकूम केला. इंग्लंडमध्ये या कारणासाठी तुरुंगात टाकणं १८८४मध्येच बंद झालं होतं. लंडनने टाकून दिलेली शिक्षा मुंबईत चालू! शेवटी १८८८मध्ये तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या.

पोटमाळा
रखमाबाई खऱ्या आणि सारा काल्पनिक, एवढा फरक सोडून तुलना चालेल. सालांचीच जुळणी करायची तर १८६७च्या मार्चअखेरीस, म्हणजे कादंबरी जिथे सुरू होते तिथेच, ३१ तारखेला मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याच वर्षी २० मे रोजी जॉन स्टुअर्ट मिलने बायकांना मताधिकार देणारी दुरुस्ती पार्लमेंटात मांडली, बाजूने ७३ मतं पडली. आणि ‘दास कॅपिटल’चा पहिला खंड हॅम्बुर्गला छापून निघाला. फाउल्सने साल उगाच निवडलेलं नाही. मार्क्स आणि डार्विन दोघांचेही उतारे प्रकरणांच्या माथ्यावर येतात.

अवलोकिता
सगळे शेवटाभोवती फिरताय. माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. निवेदक कुणाच्या मनात शिरत नाही ते सांगा. चार्ल्स, अर्नेस्टिना, चार्ल्सचा नोकर सॅम, मिसेस पोल्टनी, सगळ्यांची डोकी तो उघडून दाखवतो. साराचं मात्र कधीच नाही. १२व्या प्रकरणाच्या शेवटी सारा कोण, असा प्रश्न टाकतो आणि १३व्याच्या सुरुवातीला ‘मला माहीत नाही’ म्हणून हात वर करतो. मग पात्रांच्या स्वातंत्र्यावर प्रवचन. आधुनिक तंत्र म्हणून टाळ्या मिळाल्या, पण परिणाम काय? पुरुष कळतात, बाई गूढ राहते. हे तर शुद्ध व्हिक्टोरियन!

तिसरी_आवृत्ती
अर्धं मान्य. पण एक जागा बघा, ३६वं प्रकरण. सारा एकटीच एक्सेटरच्या एंडिकॉट्स फॅमिली हॉटेलात. निवेदक तिच्या खोलीत आहे, डोक्यात नाही. ती बाजारातून आणलेली पुडकी सोडते: टोबी जग, नाइटगाऊन, गडद हिरवी शाल आणि पट्टीची गुंडाळी. लेखक त्यावर अवाक्षर बोलत नाही. पुढे चार्ल्स येतो तेव्हा ती पाय मुरगळल्याचं सांगते, पायाला पट्टी. ज्याने पुडकी नीट मोजली त्याला तेव्हाच कळतं की पट्टी मुरगळण्याच्या आधी विकत घेतली होती. मन उघडं न करता हेतू दाखवायची याहून काटेकोर रीत कुठली?

अवलोकिता
पट्टी दिसली होती. त्यातून ती डावपेच करणारी ठरते, एवढंच. का करते, हे पुन्हा बंदच. आणि त्याच एक्सेटरच्या प्रसंगात, ४६व्या प्रकरणात, लेखक घड्याळ लावून सांगतो की सगळं ९० सेकंदांत आटोपलं. पुरुषाची फजिती सेकंदांत मोजता येते, पण फ्रेंच लेफ्टनंट तिला शिवलाच नव्हता हे उघड झाल्यावर तिने एवढा कलंक स्वतःहून का पांघरला याचं उत्तर तिच्या तोंडून अर्धवटच येतं.

सरळसोट
+१. आणि निवेदकाची मधेमधे लुडबुड! मिसेस पोल्टनी गेस्टापोत शोभली असती म्हणे. अर्नेस्टिना १८४६ला जन्मली आणि हिटलर पोलंडमध्ये घुसला त्या दिवशी मेली म्हणे. हजारदा ठेच लागते.

पोटमाळा
अर्नेस्टिनाचं वाक्य मला या कादंबरीतलं सर्वात निर्दय वाक्य वाटतं, चांगल्या अर्थाने. पाचव्याच प्रकरणात येतं. पडद्याआडून खुदखुदणारी, प्रकृतीने नाजूक समजली जाणारी ही मुलगी ९३ वर्षं जगणार हे आपल्याला कळतं. ते कळलं की पुढे चार्ल्सला तिची वाटणारी दया फोल ठरते. तिला सोडलं तर ती खचून मरेल, ही त्याची भीती आपण वाचतो तेव्हा आपल्याला १९३९ आधीच माहीत असतं. ही लुडबुड काढली तर तो सबंध भाग भाबडा होईल.

अवलोकिता
हे मान्य. अर्नेस्टिनाला तो न्याय देतो. साराला गूढ ठेवून मखरात बसवतो, असं माझं म्हणणं कायम.

आणखी एक, डॉ. ग्रोगन. आयरिश, डार्विन मानणारा, गावातला एकमेव पुरोगामी. तो चार्ल्सला वाचायला काय देतो? फ्रान्समधल्या ला रॉन्सिएर खटल्याचा वृत्तान्त. १८३५ साली एका सेनाधिकाऱ्याच्या मुलीच्या आरोपांवरून लेफ्टनंट एमिल द ला रॉन्सिएरला १० वर्षांची शिक्षा झाली. आरोप बनावट असल्याचं पुढे मानलं गेलं. ग्रोगनचा निष्कर्ष: सारा त्याच जातीची रोगी, तिला एक्सेटरच्या खासगी वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं. हे सगळं तिला नीट न तपासता. त्या काळी खासगी रोग्याला दाखल करायला दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं आणि एका माणसाची विनंतीअर्जावर सही लागे. सही करणारा नातेवाईकच हवा असंही नव्हतं. म्हणजे ग्रोगनला आणखी एक डॉक्टर आणि पैसे भरायला तयार चार्ल्स एवढंच पुरे होतं. नोकरी गेल्यावर सारा रानात का लपते याचं कारण म्हणून तरी हे वाचा.

खडक_वाचक
उशिरा येतोय. रानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण हा भाग बहुतेक जण निसर्गवर्णन समजून भराभर उलटतात.

लाइम रेजिसच्या पश्चिमेला ॲक्समथपर्यंत ‘अंडरक्लिफ’ पसरलंय. वर खडूचा दगड आणि हिरवट वालुकाश्म, दोन्ही पाणी झिरपू देणारे. खाली चिकणमातीचे थर, ते पाणी अडवतात. लांबलेल्या पावसात वरचा दगड पाणी पिऊन जड होतो, मातीचा माथा निसरडा होतो आणि थर समुद्राच्या बाजूला कललेले असल्याने वरचा भाग अख्खा घसरतो. २४ डिसेंबर १८३९च्या रात्री बिंडनला असाच प्रचंड कडा सुटला. शेताचा भलामोठा तुकडा उभ्या पिकासह तुटून बाजूला झाला आणि मधे दरी पडली. पुढच्या उन्हाळ्यात त्या तुकड्यावरचा गहू लोकांनी समारंभ करून कापला! म्हणजे चार्ल्स १८६७मध्ये तिथे फिरतो तेव्हा दरड ताजी होती, जेमतेम २८ वर्षांची. जमीन कसता येत नाही, मालकाचा वावर नाही, झाडी माजलेली. गावाची नजर पोचत नाही अशी एकमेव जागा ती, आणि तिथे दिसली एवढ्या कारणावरून मिसेस पोल्टनी साराला नोकरीवरून काढते.

दुसरं. चार्ल्स तिथे जातो कशाला? लाइमची कीर्ती किनाऱ्यावरच्या ‘ब्लू लायस’ या खडकथरांमधल्या अमोनाइटांसाठी (गुंडाळलेल्या शंखासारखे जीवाश्म), जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने तिचे मोठे शोध तिथेच लावले. अमोनाइट हवे असते तर चार्ल्स किनाऱ्यावरच राहिला असता आणि कादंबरी घडलीच नसती. त्याला हवी आहेत सी अर्चिनची, म्हणजे काटेरी गोल समुद्री जीवांची, दगड झालेली कवचं. ती खडूच्या दगडातल्या गारगोट्यांत सापडतात, म्हणून वर, झाडीत चढणं आलं. पाठीवरच्या पिशवीत हातोड्या, गुंडाळायचे कागद, वह्या, डब्या, पायात खिळ्यांचे बूट. फाउल्स त्या सरंजामाची यथेच्छ थट्टा करतो. या कवचांतला ‘मायक्रास्टर’ हा प्रकार पुढे उत्क्रांतीच्या अभ्यासात गाजला. १८९९ला आर्थर रो यांनी इंग्लंडच्या खडूत थरागणिक त्याचा आकार कसा हळूहळू बदलत गेला ते दाखवून दिलं. डार्विनवादी चार्ल्सच्या हाती पुरावा होता, त्याला तो वाचता आला नाही.

कुणी जाणार असेल तर: लाइम ते सीटन ही अंडरक्लिफची वाट सुमारे ११ किलोमीटर, तीन ते चार तास, चढउतार आणि चिखल. मधेच कंटाळा आला म्हणून वरच्या रस्त्याला लागता येत नाही. पावसानंतर वाटेचे भाग बंदही असतात. फाउल्स स्वतः लाइमला राहिले आणि १९७९पासून जवळपास दशकभर तिथल्या संग्रहालयाचे क्युरेटर होते, म्हणून भूगोल इतका बिनचूक.

नुसता_वाचक
दोन शंका. सिनेमा आधी बघितला तर चालेल का? आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावरची कवितेची अवतरणं वाचायची की सोडायची?

तिसरी_आवृत्ती
सिनेमा (१९८१, दिग्दर्शक कारेल राइश, पटकथा हॅरल्ड पिंटर, मेरिल स्ट्रीप आणि जेरेमी आयर्न्स) नंतर बघा. निवेदक पडद्यावर आणता येईना म्हणून पिंटरने सिनेमातला सिनेमा केला: आजचे नट-नटी व्हिक्टोरियन प्रेमकथेचं शूटिंग करता करता स्वतः प्रेमात पडतात. जुन्या जोडीचं जुळतं, नव्या जोडीतली नटी निघून जाते आणि नट खिडकीतून तिला तिच्या नावाऐवजी ‘सारा’ अशी हाक मारतो. दोन शेवट एकाच वेळी देता येत नाहीत, ही ५५व्या प्रकरणातली अडचण सिनेमाने सोडवली. पण आधी बघितलात तर पुस्तकभर साराच्या जागी स्ट्रीप दिसेल.

अवतरणं वाचाच, पण प्रकरण संपल्यावर परत येऊन. आधी वाचलीत तर टेनिसन आणि हार्डी नुसते सजावटीचे वाटतात. अर्नल्डची ‘टू मार्गरीट’ मात्र पूर्ण वाचून ठेवा, जेमतेम २४ ओळी. चार्ल्सला ती पाठ आहे आणि कादंबरीचे शेवटचे शब्द तिच्यातूनच घेतलेत. अडकायला होतं ते साधारणपणे ३५व्या प्रकरणात, तिथे गोष्ट थांबवून व्हिक्टोरियन लैंगिकतेवर निबंध आहे. तो नंतर वाचला तरी गोष्टीत काही अडत नाही.

सरळसोट
मूळ प्रश्नाकडे येऊन माझा एक. ६०वा शेवट मला खोटा वाटतो कारण सगळं सॅमवर लोटलंय. चार्ल्सने साराला पत्र आणि ब्रोच पाठवला, सॅमने तो पोचवलाच नाही, म्हणून ताटातूट. निरोप्या चुकला म्हणून नायिका दोन वर्षं गायब, हे तर जुन्या नाटकातलं.

तिसरी_आवृत्ती
सॅमने पत्र दाबलं कारण मालक अर्नेस्टिनाशी लग्न करणार नसेल तर त्याला स्वतःच्या दुकानासाठी भांडवल मिळणार नाही. त्याच जोरावर पुढे तो फ्रीमनच्या दुकानात शिरतो आणि खिडक्या सजवण्यात नाव काढतो. ग्रोगनने डार्विनची शपथ घ्यावी आणि जगून दाखवावं सॅमने. पण ताटातुटीचं सगळं खापर पत्रावर फुटत नाही. लंडनच्या भेटीतला साराचा जबाब पुन्हा वाचा. चार्ल्सने वर्तमानपत्रांत दिलेली शोधाची जाहिरात तिने वाचली होती. चौकशी केली आणि त्याने फ्रीमनच्या मुलीशी लग्न केलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. त्यावर तिने काय केलं? बिऱ्हाड आणि नाव बदललं.

कायदेकानू
आणि हा जबाब घड्याळ मागे फिरण्याच्या आधीच्या, म्हणजे समाईक भागात येतो.

पोटमाळा
म्हणजे तो ६०व्या शेवटालाही लागू. पत्र पोचलं नाही तोवर तो विवाहित आहे असं तिला वाटलं, इथवर सॅमचा दोष. जाहिरात वाचल्यानंतरचे महिने तिचे स्वतःचे. ६०व्यात ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकवते तेव्हा हे महिने कुठे जातात, याचं उत्तर त्या प्रकरणात नाही. ६१व्यात आहे. माझं मत ६१ला.

अवलोकिता
माझंही ६१, पण लेखकाला श्रेय न देता.